व्हिस्कीची वही: तिसरं वर्ष

मागच्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत वहीत चौदा बाटल्या चढल्या. अकरा सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून म्हणजे जवापासून केलेली व्हिस्की), दोन ब्लेंडेड स्कॉच (अनेक व्हिस्की मिसळून केलेली) आणि एक बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकी व्हिस्की). यातली एकही मी एकट्याने संपवलेली नाही. आम्ही तिघं वाटेकरी आहोत: मी, माझे दाजी आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. 750 मिलीची बाटली तिघांत फोडली की प्रत्येकाच्या वाट्याला 250 मिली येते, म्हणजे 30 मिलीचे आठ पेग आणि तळाला थोडी. आठवड्यातून दोनदा, जेवणाआधी, 30 मिली, एवढाच रतीब. त्यामुळे एक बाटली महिनाभर सोबत राहते. पहिल्या पेगला जी आवडत नाही ती पाचव्याला आवडायला लागते, आणि उलटंही होतं. पहिल्या वर्षी मी एका घोटात निकाल लावून मोकळा व्हायचो. ते सगळे निकाल आता खोडलेत.

या वर्षी सर्वांत मोठा फरक पडला तो वहीच्या भाषेत.

आधीची दोन वर्षं मी बाटलीच्या खोक्यावर जे छापलेलं असेल तेच वहीत उतरवत होतो. हेदर, टॉफी, ख्रिसमस केक. हेदरचं फूल मी आयुष्यात पाहिलेलं नाही, मग त्याचा वास मला ओळखू कसा येणार? डिसेंबरात काकांनी माझी वही वाचली आणि म्हणाले, "अरे, हे वास तू घेतलेस कुठे? जे तुझ्या नाकाला माहीत आहे ते लिही ना." त्या दिवसापासून वहीत काकवी, सुंठ, भाजलेलं सुकं खोबरं, आढीतला आंबा, नवीन वहीचा कागद, पहिल्या पावसाची माती असे शब्द यायला लागले. आणि खरं सांगतो, नाक त्याच महिन्यात उघडलं. जो वास शब्दात पकडता येतो तो पुढच्या वेळी आपणहून सापडतो.

लागावुलिन 16 ची नोंद त्यातली पहिली (नावापुढचा आकडा म्हणजे व्हिस्कीने पिंपात काढलेली किमान वर्षं). दाजी परदेशातून येताना घेऊन आले होते (माणशी दोन लिटरची मुभा असते, ती आम्ही माल्टसाठीच राखून ठेवतो). ग्लास नाकाशी नेला आणि मी थेट साताऱ्याजवळच्या आजोळच्या न्हाणीघरात पोचलो. तिथे तांब्याचा बंब होता. पहाटे आजी त्यात काटक्या आणि शेंगांची टरफलं घालायची, आणि त्या पाण्याला, टॉवेलला, अंगाला दिवसभर एक गोडसर धुराचा वास यायचा. लागावुलिनमध्ये तोच वास आहे: कोरडा, गोड, ओल्या राखेचा. वहीत एवढंच लिहिलं, "आजीचा बंब. मागून खारट."

हा धूर येतो पीटमधून. दलदलीत हजारो वर्षं साठून कुजलेली झाडपाल्याची माती कापून, वाळवून जाळतात आणि मोड आलेली बार्ली त्या धुरावर सुकवतात. धुरातली फिनॉल्स, म्हणजे धुराचा वास देणारी रसायनं, दाण्याला चिकटतात आणि पुढे भट्टीतून, पिंपातून जाऊनसुद्धा टिकतात. स्कॉटलंडमधल्या आयला बेटावरच्या लागावुलिनच्या माल्टमध्ये फिनॉलचं प्रमाण सुमारे 35 पीपीएम (दहा लाख भागांत 35) असतं, तिथल्याच आर्डबेगच्या माल्टमध्ये 55 च्या आसपास. पण पिताना आर्डबेग 10 मला लागावुलिनपेक्षा उजळ आणि लिंबाळ वाटते, जास्त जड नाही. दाण्यातला आकडा आणि ग्लासातला धूर यांचा सरळ हिशोब लागत नाही, कारण मधे तांब्याची भट्टी आहे आणि तिच्यातून पडणारी दारूची धार कुठे धरायला सुरू करायची, कुठे तोडायची हा तिथल्या माणसाचा निर्णय आहे.

लाफ्रॉइग 10 मात्र मला अजून जड जाते. टिंक्चर आयोडीन, बँडेजची पट्टी, शाळेत गुडघा फुटल्यावरची ती खोली. दाजींना ती सगळ्यांत प्रिय आहे. माझा वाटा मी त्यांना दिला आणि बदल्यात त्यांच्या टालिस्करमधले दोन पेग घेतले. टालिस्कर 10 ही स्कॉटलंडच्या स्काय बेटावरची, 45.8 टक्के अल्कोहोलची. वहीतली नोंद: "मिरपूड. वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमधून येणारा वारा." ही मी पुन्हा पुन्हा घेणार.

जानेवारीत गोव्याला गेलो तेव्हा कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी पाहिली. पिंपांच्या गोदामात पाऊल टाकलं आणि दोन मिनिटं तिघांपैकी कोणी बोललं नाही. ओलं लाकूड, व्हॅनिला, पिकलेलं केळं आणि दमट हवा, सगळं एकत्र. तो वास म्हणजे पिंपातून उडून जाणारी व्हिस्कीच. इंग्रजीत याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या गारठ्यात तो वर्षाला साधारण दोन टक्के असतो, गोव्यात आठच्या आसपास आणि बंगळुरात दहा ते बारा.

घरी आल्यावर मी कागदावर मांडून पाहिलं. 200 लिटरचं पिंप धरलं, तर दोन टक्क्यांनी बारा वर्षांनंतर साधारण 157 लिटर उरतात. दहा टक्क्यांनी बारा वर्षांनंतर 56. इतकी वर्षं इथे कोणी पिंप ठेवायचं कसं? आणि ठेवायची गरजही नाही, कारण उष्णतेने दारू लाकडात लवकर शिरते, लवकर बाहेर येते, रंग आणि चव भराभर खेचून घेते. आपल्याकडच्या बहुतेक माल्टच्या बाटलीवर वय लिहिलेलं नसतं ते यामुळे. मी दोन वर्षं बारा, पंधरा, अठरा असे आकडे बघून बाटल्या निवडत होतो आणि ज्या बाटलीवर आकडा नाही तिला कच्ची समजत होतो. माझी ती समजूत चुकीची होती आणि तिच्यापायी मी आपल्याच मातीतल्या चांगल्या बाटल्यांना उशिरा भेटलो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गोव्यातून महाराष्ट्रात बाटली आणायची तर परवाना काढावा लागतो, त्या भानगडीत न पडता आम्ही तिथेच बसून तीन प्रकार चाखले. ब्रिलियन्समध्ये धूर नाही, फक्त बर्बनच्या जुन्या पिंपाचा गोडवा: मधातली सुंठ आणि पुरणातलं जायफळ. एडिटेडमध्ये धूर पुसटसा. बोल्डसाठी आयलाचाच पीट वापरतात, पण खाली आपली बार्ली असल्यामुळे तो धूर वेगळा लागतो, जास्त गोड, गुऱ्हाळाच्या चुलाणाजवळ उभं राहिल्यासारखा. तिन्ही 46 टक्के.

फेब्रुवारीतली झाकून घेतलेली चाचणी या वर्षातली सर्वांत महत्त्वाची रात्र. चार सारखे ग्लेनकेर्न ग्लास (वास घेण्यासाठीचे, तोंडाला निमुळते), तळाला आकड्यांच्या चिठ्ठ्या. बायकोने स्वयंपाकघरात ओतून आणले, त्यामुळे आम्हा तिघांनाही कशात काय आहे ते ठाऊक नव्हतं. बाटल्या मात्र माहीत होत्या: ग्लेनलिव्हेट 12 ही एकच स्कॉच, बाकी पॉल जॉन ब्रिलियन्स, इंद्री त्रिणी आणि अमृत फ्यूजन या तिन्ही भारतीय. संध्याकाळी घरात फोडणी दिली नव्हती, उदबत्ती लावली नव्हती. मध्ये खायला फक्त साधे पोहे, न परतलेले.

मी चारपैकी एकच बरोबर ओळखली, ग्लेनलिव्हेट. ती 40 टक्के असल्याने जिभेवर हलकी पडते, आणि हिरव्या सफरचंदाचा वास लपत नाही. एका ग्लासासाठी काकांनी छातीठोकपणे सांगितलं, "ही स्पेसाइडची स्कॉच, शंभर टक्के." ती निघाली गोव्याची ब्रिलियन्स, आणि काकांनी तिलाच पहिला नंबर दिला होता. काका बराच वेळ ती चिठ्ठी हातात धरून बसले. मग म्हणाले, "आता वय बघून बोलायचं नाही." इंद्रीला मी भिजवलेल्या मनुकांचं पाणी आणि शंकरपाळी लिहिलं होतं. तिच्यातला काही भाग शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरतो, म्हणजे तो वास माझ्या मनाचा नव्हता, याचा फार आनंद झाला.

माझा आणि दाजींचा पहिला नंबर एकच: अमृत फ्यूजन.

हिच्याबद्दल थोडं सविस्तर. अमृत डिस्टिलरीज बंगळुरात 1948 मध्ये राधाकृष्ण जगदाळे यांनी सुरू केली. पुढे त्यांचे चिरंजीव नीलकंठराव जगदाळे यांनी सिंगल माल्टचा ध्यास घेतला. ऑगस्ट 2004 मध्ये अमृतची पहिली सिंगल माल्ट बाजारात आली ती भारतात नाही, ग्लासगोत. स्कॉटलंडच्या अंगणात जाऊन भारतीय माल्ट विकायची हिंमत. ज्यांना भारतीय व्हिस्की म्हणजे मळीच्या स्पिरिटची एवढंच माहीत होतं त्यांच्यापुढे हा ग्लास ठेवायचा होता. फ्यूजन 2009 ची. हिच्यात दोन बार्ली आहेत, आपल्याकडची साधी आणि स्कॉटलंडमधली पीट लावलेली. दोन्हींची व्हिस्की वेगवेगळी मुरवून मग एकत्र करतात. 2010 च्या व्हिस्की बायबलमध्ये, म्हणजे व्हिस्कींना गुण देणाऱ्या पुस्तकात, समीक्षक जिम मरे यांनी तिला जगात तिसरा क्रमांक दिला आणि तिथून चित्र पालटलं. नीलकंठराव 2019 मध्ये गेले. फ्यूजन ओतताना मला त्यांची आठवण येते.

माझी नोंद, आठ पेगांमधून जमलेली: "आधी भाजलेलं खोबरं आणि काकवी. मग संत्र्याची साल. गिळल्यावर पाच-सहा श्वासांनंतर विझत आलेल्या शेकोटीचा धूर." तो धूर पहिल्या दोन पेगांना मला लागलाच नव्हता.

पाण्याबद्दलही इथेच लिहितो, कारण ते फ्यूजनने शिकवलं. ती 50 टक्के आहे. 30 मिलीत 5 मिली पाणी घातलं की ती साधारण 43 वर येते. मी औषधाचा ड्रॉपर वापरतो, उकळून गार केलेलं पाणी, एका वेळी एक मिली, आणि प्रत्येक मिलीनंतर नाक. तिसऱ्या मिलीला खोबरं मागे सरतं आणि धूर वर येतो. हे नुसतं वाटणं नाही. 2017 मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवलं की दारूचं प्रमाण कमी केलं की ग्वायाकॉल, म्हणजे धुराच्या वासाचा एक मुख्य रेणू, द्रवाच्या पृष्ठभागाजवळ गोळा होतो. जास्त तीव्र दारूत तो आत अडकून राहतो. गार पाणी घातल्यावर ग्लासात पुसट धुकं दिसलं तर घाबरू नका. ती तेलं आहेत, थंड करून गाळलेली नाहीत म्हणून दिसतात, आणि चवीचा काही भाग त्यांच्यातही असतो.

एप्रिल-मे वाया गेले. पुण्यात खोलीचं तापमान 34 अंशांवर गेलं की ग्लासातून आधी दारूची वाफच नाकात चढते आणि बाकी काही कळत नाही. बाटली दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पाहिली, थोडा फरक पडला. खरा हंगाम जुलै ते फेब्रुवारी. पावसाळ्यातल्या दमट हवेत माझं नाक सर्वांत चांगलं चालतं.

जूनमध्ये एक नुकसान झालं. एका दुकानातून घेतलेल्या महागड्या बाटलीचं बूच उघडतानाच तुटलं आणि भुगा आत पडला. ती बाटली तिथे बराच काळ आडवी आणि उन्हाच्या काचेमागे ठेवलेली असावी. रंग उतरला होता आणि वास ओल्या पुठ्ठ्याचा. कॉफीच्या फिल्टरमधून गाळून घेतली, तरी पहिल्यासारखी झाली नाही. वाइनची बाटली आडवी ठेवतात, व्हिस्कीची उभी, कारण तीव्र दारू बुचाला खाते. आता मी दुकानात आधी बूच आणि पातळी बघतो, मग लेबल.

बर्बन मेकर्स मार्क होती. व्हॅनिला, कस्टर्ड, छान, पण माझ्यासाठी जरा गोड. दोन ब्लेंडेड पाहुण्यांसाठी आणल्या होत्या आणि पाहुण्यांनी आनंदाने संपवल्या. आयात बाटल्या आमच्या आवाक्यात आल्या त्या नोव्हेंबर 2021 नंतर, महाराष्ट्राने स्कॉचवरचं उत्पादन शुल्क 300 वरून 150 टक्क्यांवर आणलं तेव्हा. त्याआधीची वाटणी पाच जणांत व्हायची.

कपाटात आता कायम राहणार त्या तीन: फ्यूजन, टालिस्कर 10 आणि बोल्ड. लागावुलिन वर्षातून एकदा, आजीच्या तिथीच्या आसपास. पुढच्या वर्षासाठी नाशिकजवळ दिंडोरीत तयार होणारी लाँगिट्यूड 77 आणली आहे. आपल्या राज्यातली माल्ट मी अजून झाकून चाखलेली नाही. काल रात्री बूच काढलं, पहिला पेग, पाणी न घालता. वहीत आत्ता फक्त दोन शब्द आहेत, "बेदाणे, रंधा", आणि रंध्यापुढे प्रश्नचिन्ह. सात पेग बाकी आहेत.