आठवा ग्रुप

"बीएमएस गेलाय, नवा लावून द्या" म्हणत जे बॅटरी पॅक आमच्या टेबलावर येतात, त्यातल्या बहुतेकांचा बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारा सर्किट बोर्ड, ठणठणीत असतो. सेलच्या एखाद्या ग्रुपचा व्होल्टेज घसरला की लाइन तोडणं हे त्याचं कामच, आणि ते त्यानं चोख केलं की गाडी बंद पडते आणि शिव्या त्यालाच बसतात.

पुण्यात नऱ्ह्याला आमचं छोटं वर्कशॉप आहे. ई-सायकली, स्कूटरचे पॅक, अधूनमधून सोलरवाल्यांच्या बॅटऱ्या. मे महिन्यात एका शनिवारी एक काका आले. पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले. रोज सकाळी सिंहगड रोडनं खडकवासल्यापर्यंत सायकल मारतात. गुडघे बोलायला लागल्यावर सायकलला २५० वॅटची मोटर बसवली आणि पॅक घरीच बांधला. तपकीर गल्लीतून, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, आणलेला नवा कोरा बीएमएस बोर्ड हातात होता. "हा तिसरा. बाकी सगळं मी केलंय, तुम्ही फक्त हा लावा. मला आता बारीक दिसत नाही."

पॅकवरचं प्लास्टिकचं हीट श्रिंक कापलं आणि मी बघतच राहिलो. १३ सिरीज, ५ पॅरलल, म्हणजे पाच-पाच सेलचे १३ ग्रुप एकापुढे एक, एकूण ६५ सेल, सगळे जुन्या लॅपटॉप बॅटऱ्यांतून काढलेले. पण काम असं की आमच्या पोरांना बोलावून दाखवलं. प्रत्येक सेलच्या पॉझिटिव्ह टोकाला फिश पेपरची, म्हणजे जाड इन्सुलेटिंग कागदाची, चकती. ही चकती बरेच जण गाळतात. १८६५० सेलचं, म्हणजे लॅपटॉपमधल्या या गोल सेलचं, अख्खं डबडं निगेटिव्ह असतं, वरच्या टोपीच्या कडेपर्यंत. टोपी आणि कडा यांच्यामध्ये प्लास्टिकची एक पातळ साल, बास. त्यावरून निकेलची पट्टी गेली आणि घासून घासून साल फाटली की तिथंच शॉर्ट. काकांनी चकती तर घातलीच होती, शिवाय बोर्डाला प्रत्येक ग्रुपचा व्होल्टेज कळवणाऱ्या सगळ्या बारीक सेन्स वायरी सेलच्या अंगावरून न नेता कडेनं नेऊन कॅप्टॉन टेपखाली दाबल्या होत्या आणि प्रत्येकीला नंबराची स्लीव्ह. निकेलही अस्सल. नाहीतर गल्लीत निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी सर्रास गळ्यात मारतात. जरा खरवडून मिठाच्या पाण्यात टाका, सकाळपर्यंत गंज दिसतो.

नवा बोर्ड लावताना जुन्याचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, मी कधीच वापरत नाही. कनेक्टर बसतो, पण काही बोर्डांवर पिनांचा क्रम उलटा असतो. विकणारा ते सांगत नाही; त्याला तरी कुठे माहीत असतं. आधी बोर्डावरच्या बी-मायनसची जाड वायर पॅकच्या निगेटिव्हला. मग बारीक वायरी, कनेक्टर बोर्डातून काढून बाजूला ठेवून. १३ सिरीजला १४ वायरी: पहिली पॅकच्या निगेटिव्हला, दुसरी पहिल्या ग्रुपच्या पॉझिटिव्हला, अशी शेवटची पॅकच्या पॉझिटिव्हला. मग मीटरची काळी प्रोब पहिल्या पिनेवर धरायची आणि लाल एकेक पिन पुढे सरकवायची. दर पिनेला साधारण चार व्होल्ट चढले पाहिजेत. शेजारच्या दोन वायरी उलटल्या असतील तर एकदम आठ चढतात आणि पुढच्या पिनेला चार उतरतात. हे न बघता कनेक्टर खोचला की धूर. आमच्याकडे येणारे खरोखरचे जळके बोर्ड असेच जळलेले असतात.

काकांच्या पॅकवर सगळे आकडे ओळीत चढले. बारा ग्रुप ३.९६ वर. आठवा ३.९१.

पन्नास मिलिव्होल्टचा फरक तसा कुणी मनावर घेत नाही. बोर्ड बॅलन्स करेल म्हणायचं आणि पुढे जायचं. पण मी सहज विचारलं, आठवा आधीपासून असाच आहे का? काका म्हणाले, "तो जरा मागे राहतो. मी त्याला अधूनमधून सुटा चार्ज देतो, चार व्होल्टच्या छोट्या मोड्यूलवरून." न जेवणाऱ्या नातवाला वेगळं भरवावं तशा मायेनं सांगितलं त्यांनी.

मी बोर्ड लावलाच नाही. "पॅक ठेवून जा, सोमवारी या." भागीदारानं मागून डोळे वटारले. अर्ध्या तासाचं काम, पैसे रोख, आणि हा पॅक ठेवून घेतोय.

सोमवारी सकाळी बारा ग्रुप ३.९५ वर होते. आठवा ३.८४ वर. मधल्या काळात पॅकला ना बोर्ड, ना चार्जर, ना मोटर. म्हणजे दोष बोर्डाच्या माथी मारायची सोयच उरली नाही. ग्रुपच्या आतच कुठलातरी सेल गळत होता.

काकांना समोर बसवून कागदावर मांडून दाखवलं. त्यांचा चार्जर ५४.६ व्होल्टचा, १३ गुणिले ४.२, म्हणजे पूर्ण भरलेल्या सेलचा व्होल्टेज. आठवा ३.६ वर अडकला, तर उरलेले ५१ व्होल्ट बाकीच्या बारांना वाटून घ्यावे लागतात, म्हणजे ४.२५ प्रत्येकी. तिथं बोर्ड चार्जिंग तोडतो. आणि चालवताना आठवा आधी तळाला जातो, तिथं बोर्ड मोटर तोडतो. आधीचे दोन्ही बोर्ड बरोबरच वागत होते. बॅलन्सिंग म्हणाल तर या स्वस्त बोर्डांत ते म्हणजे वर चढलेल्या ग्रुपमधून पन्नासेक मिलिअँपिअर रेझिस्टरमध्ये जाळणं, तेही पॅक भरत आल्यावरच. दोन अँपिअर-तासांचा फरक भरून काढायला चाळीस तास. तोवर आठवा अजून गळलेला असतो.

"ठीक आहे, पण धोका झाला तर बोर्ड तोडेल की. त्याच्यासाठीच तर लावायचाय," काका म्हणाले.

इथंच सगळ्यांची गफलत होते, इंजिनिअर झालेल्यांचीसुद्धा. बीएमएसला सेल दिसत नाही, ग्रुप दिसतो. पाच सेल पॅरलल जोडलेले, त्यांचा मिळून एकच व्होल्टेज. बोर्डावरचे मॉसफेट, म्हणजे लाइन तोडणारे स्विच, पॅक आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये बसलेले असतात. पाचांतला एक आतून शॉर्ट व्हायला लागला, तर बोर्ड मोटर तोडेल, चार्जर तोडेल, पण उरलेले चार सेल निकेलच्या पट्टीतून त्या पाचव्यात करंट ओततच राहतील. त्यांच्या मध्ये तोडायला काहीच नाही. मार्च २०२२ मध्ये लोहगावात ई-स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्या पुण्यानं पाहिला. त्या वर्षी देशभरात अशा आगी लागल्यावर ई-वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचे एआयएस-१५६ चे नियम डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं कडक झाले. हे नियम छापणारी एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था इथं वेताळ टेकडीवर. पण ते कंपन्यांसाठी. घरात बांधलेल्या पॅकला विचारणारं कुणी नाही.

काकांनी सुचवलं, आठवा काढून टाका, बारावर चालवतो. चार्जर तोच ठेवणार होते. ५४.६ भागिले १२, ४.५५. मी आकडा लिहिला आणि त्यांनी स्वतःच तो खोडला. टूलरूमचा माणूस, आकड्याशी वाद घालत नाही.

मग मी म्हटलं, आठवा ग्रुप फोडतो, पाचही सेल सुटे करून तपासतो, चांगले सेल घालतो. मजुरी नको. यावर ते चष्मा काढून पुसत म्हणाले, "पाचही त्याच ढिगातले आहेत. मग बाकीच्या साठांची खात्री देता का?"

नाही देऊ शकलो. एकेक सेल सोडवून, चार्ज करून, काही आठवडे ठेवून बघितल्याशिवाय कुणीच देऊ शकत नाही, आणि तेवढ्या मजुरीत नवे सेल येतात.

भागीदाराचा मार्ग सोपा. "बोर्ड लाव, बिलावर लिही, सेलची जबाबदारी गिऱ्हाइकाची." बाजारात सगळे हेच करतात. ९९०० एमएएच क्षमता छापलेले खोटे सेल विकणारेही बिलावर काहीतरी लिहीतच असतील. १८६५० मध्ये चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास भरतो. पण मी नीट बोर्ड लावला असता, तर सायकल लगेच झकास चालली असती. पॅक काकांच्या हॉलमध्ये, सोफ्याजवळ चार्जिंगला लागतो. नव्या बोर्डाच्या भरवशावर त्यांनी तो रात्रभर लावून ठेवला असता.

म्हणून नाही म्हटलं. सेन्स वायरींची टोकं टेप करून, पॅक फिश पेपरमध्ये गुंडाळून त्यांच्या हवाली केला. काका रागावले नाहीत. बोर्डही उचलला, पावती त्यांच्याच नावाची. "जावयाला सांगतो, तो करेल सोल्डरिंग," जाताना एवढंच म्हणाले.

करेल तो. नंबर घातलेल्या १४ वायरी आहेत, मीटर बघून कुणीही जोडेल. मी नकार देऊन साधलं काय, तर त्या पॅकवर माझं सोल्डर नाही, एवढंच. ठेवूनच घ्यायला हवा होता, असं बायको म्हणते. दुसऱ्याची वस्तू कशी ठेवून घेणार? निदान आठव्याची पट्टी तरी कापून द्यायचीस, असं पोरं म्हणतात. तेही विचारल्याशिवाय कसं कापणार, आणि विचारलं असतं तर काका नाहीच म्हणाले असते.

जूनमध्ये त्यांचा फोन आला, ६५ नवे सेल कितीला पडतील म्हणून. रक्कम पाच आकडी निघाली. "बघतो" म्हणाले. सायकल चालू आहे का, विचारलं. "चालू आहे ना, मस्त." आठव्याचं विचारेपर्यंत ते पावसावर आणि सिंहगड रोडच्या खड्ड्यांवर गेले होते.

हल्ली घरगुती पॅक आला की मी तो दोन दिवस नुसता ठेवून घेतो, मग बोलतो. भागीदार कुरकुरतो. दोन गिऱ्हाइकं परत गेली, पुढच्या गल्लीत त्यांना तासाभरात बोर्ड लावून मिळाला.