फोनला खणाची पिशवी

मोबाईल, टीव्ही, कॉम्प्युटर बंद ठेवायचा एक दिवस अमेरिकेत २०१० पासून पाळतात. मार्चचा पहिला शुक्रवार. सूर्य मावळला की सुरू, शनिवारी मावळेपर्यंत. ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, असाच असतो आणि हा दिवस काढणारी मंडळीही ज्यूच. पुण्याच्या भाचीनं हे सगळं कळवलं, अर्थात व्हॉट्सॲपवर! सोबत फोन झोपवायच्या कापडी पिशवीचा फोटो. "मावशी, तू शिवशील की ही."

शिवली. बेळगावच्या शहापुरात ब्लाऊज शिवणारीकडे खणाच्या तुकड्यांना काय तोटा? जांभळा खण, आत जुन्या परकराचं मऊ अस्तर, तोंडाला काठ आडवा घेतला आणि त्यातनंच नाडी ओवली. फोनला जाड कव्हर असतं, म्हणून रुंदी दोन बोटं जास्त. झाली मात्र झक्क.

पण शुक्रवार-शनिवार? हा मुहूर्त काढणाऱ्याच्या घरात कुणी टेलर नसणार. रविवारी लग्न असलं की शनिवारी दिवसभर गिऱ्हाइकं. गळ्याचे फोटो, लटकनचे फोटो, मराठीत निरोप, कन्नडमध्ये निरोप. तासभर फोन पिशवीत ठेवला तर एक बाई दारातच उभी. "अक्का, फोन का उचलंना झालासा? मला वाटलं बरं न्हाई काय की!"

एकटीनं बंद ठेवून भागत नाही. घरात सगळ्यांची एकादशी असली तर साबुदाणा गोड लागतो, बाकीचे भाकरी-झुणका खात बसले की जीव जातो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात हे बरोबर ओळखलं. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, साडेआठपर्यंत गावभर टीव्ही-मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात. कोरोनात ऑनलाइन शाळेनं पोरांच्या हातात फोन आले, ते सुटेनात, म्हणून ही युक्ती. वर्षाच्या एका दिवसापेक्षा रोजचा दीड तास मला पटतो. सगळ्यांचाच बंद, मग कोण कुणाला फोन करणार?

आमच्या गल्लीत विषय काढला. सातला मालिका असते, असं सासवा म्हणाल्या. साडेसातला मॅच असते, असं बाप्ये म्हणाले. तोवर मी आपली दुकानावर पाटी लावलीय, मराठीत आणि कन्नडमध्ये: सात ते साडेआठ फोन बंद, काम असेल तर आत या.

पिशवीला मात्र मागणी आलीय. शेजारीण पोराच्या फोनसाठी मागतेय. नाडी नको म्हणाली, कुलूप बसेल अशी शिव.