छोटी बाटली आधी

होटेलात बेव्हरेजचं बघतो, चौदा वर्षं झाली. सोलापुरात म्हणजे बिअर नाहीतर व्हिस्की, वाईन कुणी मागितली की आम्हीच एकमेकांकडं बघतो. त्यामुळं एक टॉवेल एक्स्पोर्टवाले मालक म्हणाले की जानेवारीत बाहेरचे बायर येणारेत, नान्नजकडच्या शेतात हुरडा ठेवलाय, प्रत्येक पदार्थाला वेगळी व्हाईट वाईन द्या, तर मला रात्रभर झोप नाही. जेवण शाकाहारी. मटण चालत नाही, वाईन चालते, आपण कशाला बोला.

परमिटचं वगैरे झालं. आता माझा प्लॅन बघा. हुरड्याला सॉव्हिन्यॉ ब्लाँ, कारण तिला हिरव्या गवतासारखा वास असतो आणि कोवळ्या ज्वारीलाही तोच. वांग्याचं भरीत, कडक भाकरी आणि शेंगाचटणीला थोडी गोडसर शेनिन ब्लाँ, कारण तिखटावर कोरडी, जास्त अल्कोहोलची वाईन प्यायली की जीभ अजून पेटते. आणि शेवटी शेंगपोळीला लेट हार्वेस्ट शेनिन, म्हणजे द्राक्षं वेलीवर जास्त पिकवून केलेली गोड वाईन. नियम एकच, वाईन पदार्थापेक्षा कमी गोड असली की आंबट लागते. माणसं बारा, प्रत्येकी ६० मिली धरलं तर ७५० ची एक बाटली बरोबर पुरते. लेट हार्वेस्ट ३७५ ची एकच मिळाली. घोटभर का होईना, पुरणार होती.

थंड करायचं मात्र माझ्याशिवाय कुणाला कळत नाही, सांगून सांगून दमलो. पोरं नुसत्या बर्फात बाटली खुपसतात, मग काच बर्फाला चार ठिकाणी टेकते आणि बाकी हवाच. घमेल्यात बर्फाबरोबर पाणी पाहिजे, वर मूठभर मीठ, वीस मिनिटात काम होतं. बाहेर तीस डिग्री ऊन, ग्लासात ओतलेली वाईन दहा मिनिटात कोमट होते म्हणून थोडी थोडीच ओतायची.

एक गोष्ट माझ्याही डोक्यात आली नव्हती, ती म्हणजे आगटीचा धूर. टेबल वाऱ्याच्या खाली मांडलेलं, गोवऱ्यांचा धूर थेट ग्लासात, वास घ्यायला जावं तर गोवरीच. शेवटी टेबल उचलून लिंबाखाली नेलं. मी त्यात गुंतलेलो, तेवढ्यात आमच्या पोरानं वाढायला सुरुवात केली. आणि शेतावर कसले कोर्स? मावशींनी पत्रावळीवर हुरडा, चटणी, भाकरी, दही सगळं एकदमच वाढलेलं.

मागं वळून बघतो तर लेट हार्वेस्ट रिकामी.

"का बे, ही कुणी उघडली?"

"सर, छोटी होती, म्हटलं आधी संपवून टाकू."

काय बोलायचं ते तिथंच बोललो, जरा जास्तच बोललो. पण टेबलावर बायर बाई शेंगाचटणीत बोट बुडवून चाटत होत्या, वर एक घोट, परत बोट. मीपण त्यांच्या बाटलीतले उरलेले चार थेंब घेऊन चटणी खाऊन बघितली. लसणाचा झणका येतो आणि मधासारखी गोडी त्याला तिथंच धरते, खाली भाजलेला शेंगदाणा राहतो. गोड वाईन शेवटीच, हे शिकलेलं डोक्यात इतकं पक्कं की चटणीबरोबर ती लावून बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

नुकसान झालंच. त्या गोडव्यावर सॉव्हिन्यॉ म्हणजे लिंबाची साल चोखल्यासारखी लागली, निम्मे ग्लास तसेच परत आले. आणि शेंगपोळीच्या वेळी साधी शेनिन द्यावी लागली, गुळापुढं ती पार आंबट. मावशींनी पोळीवर तूप ओतलं, पाहुण्यांनी ग्लास बाजूला सारले.

जाताना मालक खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चटणीला गोड वाईन, काय डोकं लावलं हो!" मी हसलो फक्त. पोरगं तिथंच उभं राहून ग्लास पुसत होतं, त्यानं ऐकलं.

आता फेब्रुवारीत त्यांचीच दुसरी पार्टी आहे, सेम मेनू सांगितलाय. मी लेट हार्वेस्टच्या दोन बाटल्या लिहिल्यात, एक चटणीला, एक पोळीला. पोरगं यादी वाचून काहीच बोललं नाही, आणि मीपण अजून त्याच्याशी बोललेलो नाही.