बारा रुपयांचा बर्गर आणि त्यानंतरची आमची वाटचाल

चिंचवड स्टेशनजवळचं आमचं दुकान १९९८ साली सुरू झालं. मी आणि माझ्या नणंदबाई, दोघींनी मिळून. वन्संच्या हाताला चव होती, मला हिशेबाची सवय होती. घरात हॉटेलधंद्यातलं कुणीच नव्हतं.

तेव्हा आमच्या भागात बर्गर खायचा म्हणजे लोकलनं पुणे स्टेशन गाठायचं आणि तिथून कॅम्पात ईस्ट स्ट्रीटला जायचं. तिथलं ‘बर्गर किंग’ १९९२ पासूनचं. त्याच नावाची अमेरिकन कंपनी भारतात आली २०१४ साली, पण पुणेकरांच्या तोंडी ते नाव त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये दिल्ली-मुंबईत आलं, त्याबद्दल आम्ही पेपरात वाचलं. बाकी साध्या हॉटेलांत बर्गर म्हणून जे मिळायचं ते बीट-बटाट्याचं कटलेट, जाड चिरलेला कोबी आणि गोडसर लाल सॉस. आजही जुनी मंडळी त्याची आठवण काढतात, आणि खरं सांगते, मलाही ते फार आवडायचं. लोण्यावर भाजलेल्या पावाचा वास रस्त्यावर यायचा.

आम्ही सुरुवातीला व्हेज बर्गर बारा रुपयांना दिला. आज तो नव्वद रुपयांना आहे. “काकू, तुमच्याकडे बारा रुपयांत पोट भरायचं,” असं पहिल्या वर्षांतले कॉलेजकुमार आता आपल्या मुलांना घेऊन येतात तेव्हा म्हणतात. त्यांना मी मनापासून सांगते, टिक्की तेवढीच आहे. वन्संनी पहिल्या दिवशी ज्या स्टीलच्या वाटीनं माप घेतलं, ती वाटी अजून ओट्यावर आहे. बटाटा उकडून गार करायचा, बांधायला भाजून कुटलेले जाडे पोहे घालायचे, वरून रवा लावून तव्यावर मंद आचेवर सोडायचं. गरम बटाटा मळला की टिक्की चिकट होते आणि तेल पिते, म्हणून गार करण्याला पर्याय नाही.

बन चिंचवड गावातल्या एका बेकरीतून येतात. ट्रे उतरवला की मी बन अंगठ्यानं दाबून बघते. खड्डा भरून आला तर बन ताजा. दबलेलाच राहिला तर तो ट्रे परत जातो.

सगळ्यात कठीण काळ २००४ चा. मॅकडोनाल्ड्सनं वीस रुपयांचा मेन्यू आणला. आमचा बर्गर तेव्हा अठराला होता. एसीत बसून दोन रुपये जास्त देऊन बर्गर मिळत असेल तर आमच्या फुटपाथवर उभं कोण राहणार? टिक्की बारीक करून पंधराला द्या, असा सल्ला पुष्कळांनी दिला. वन्संनी साफ नकार दिला. आम्ही भाव तसाच ठेवला आणि दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवायला लागलो. टेल्को, बजाजच्या सेकंड शिफ्टची माणसं सुटायची तेव्हा आमचा तवा तापलेला असायचा. त्या कामगारांनी आमचं दुकान तगवलं. २००७ साली बजाजच्या आकुर्डी कारखान्यातलं उत्पादन थांबलं, तेव्हा रात्रीची ती गर्दी डोळ्यांदेखत ओसरली. कित्येक चेहरे नंतर दिसलेच नाहीत.

भाव का वाढतो, हे गिऱ्हाइकाला कळायलाच हवं असं मला वाटतं. बटाट्यानं बर्गर महाग होत नाही. महाग होतो तो तेल, चीज, गॅस, दुकानाचं भाडं आणि माणसांचे पगार यांनी. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली, थर्माकोलच्या प्लेट गेल्या, कागदाचा खर्च वाढला. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफूल तेल भडकलं. पाठोपाठ इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, तेव्हा व्यापारी सकाळी एक भाव सांगायचे आणि दुपारी दुसरा. २०२३ च्या जुलैत टोमॅटो इतके कडाडले की मॅकडोनाल्ड्सनंही बऱ्याच ठिकाणी बर्गरमधून टोमॅटो काढला. आम्ही काकडी घातली आणि तसं पाटीवर लिहिलं. एकाही माणसानं तक्रार केली नाही.

घरपोच ऑर्डरींचं वेगळंच गणित आहे. तिथलं कमिशन कापलं की हातात फारसं उरत नाही, त्यामुळे ॲपवरचा भाव आम्हाला जास्त ठेवावा लागतो. दुकानात येऊन खाणाऱ्याला तो भुर्दंड नको, यावर आम्ही ठाम आहोत. शिवाय पंधरा मिनिटं डब्यात कोंडलेला बन ओला पडतो, तो आमचा बर्गर राहतच नाही.

वन्सं आता दुपारीच येतात, गुडघे दुखतात. तवा त्यांच्या सुनेकडे आहे. शाळेच्या मुलांसाठी आम्ही गेल्या वर्षीपासून छोट्या बनचा बर्गर चाळीस रुपयांना ठेवलाय. त्यात फारसं सुटत नाही, पण खिशात पन्नासची नोट घेऊन आलेलं पोर आमच्या दारातून उपाशी जाऊ नये, एवढी आमची इच्छा आहे. पुढच्या महिन्यात शेजारचा गाळा मिळतोय. तिथे सहा टेबलं मावतील.