शेवटच्या रांगेला न दिसणारी ओळखपत्रं

सांगलीत गणपती म्हटला की नाटक आलंच. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं मराठी नाटक उभं केलं, आणि तेव्हापासून गल्लीबोळातल्या मंडळालाही वाटत आलंय की आरती, खिरापत आणि नाटक यातलं एकही चुकलं तर देव रुसेल. गावभागातलं आमचं मंडळ तर एवढंसं, की मांडव घातला की गल्ली संपते. तरी नाटक व्हायचंच. आणि त्यात कुणी ना कुणी सरकारी माणूस असायचाच. फौजदार, मीटर तपासायला आलेला वायरमन, जनगणनेचा कारकून, एका वर्षी तर ढेकूण निर्मूलन खात्याचा अधिकारी.

ड्रेपरीवाला खाकी कपडे द्यायचा, टोपी द्यायचा, पट्टाही द्यायचा. ओळखपत्र मात्र त्याच्याकडं नसायचं. ते आमच्या घरी व्हायचं, कारण आमच्याकडं मोठं जेवणाचं टेबल होतं आणि माझ्या थोरल्या वहिनींना कागदकामाची भारी हौस. तालमीत ज्यांना एकही वाक्य मिळालेलं नसे ती सगळी मंडळी संध्याकाळी इथं जमत. खरं सांगायचं तर तालमीपेक्षा इथंच जास्त गर्दी असायची. चहा इथं होता ना!

अगदी सुरुवातीला लॅमिनेशन वगैरे काही नव्हतं. नव्या शर्टाच्या खोक्याला असतो तो पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा कार्डावर ठेवायचा आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारायची. दोन दिवसांत पट्टीच्या कडेला धूळ बसून काळी चौकट तयार व्हायची. पुढं झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करून मिळायला लागलं, पण नाटकाच्या आदल्या दिवशी दुकानात रांग, आणि आमचा लेखक तर प्रयोगाच्या दिवशी सकाळी पात्राचं नाव बदलणारा. मग वहिनींनी लॅमिनेशनच्या पाऊचचं पाकीटच घरी आणलं आणि इस्त्री काढली.

“वहिनी, कितीवर ठेवू?”

“रेशमीवर ठेव. आणि आधी त्यातलं पाणी ओतून टाक बघू, वाफ नको आपल्याला.”

पाऊचवर जुन्या धोतराचा तुकडा टाकायचा आणि मधून कडेकडं, न थांबता इस्त्री फिरवायची. पाऊचच्या दोन्ही फिल्मना आतून चिकट थर असतो. उष्णता लागली की तो वितळतो, आणि दुधट दिसणारं पाऊच एकदम काचेसारखं स्वच्छ होतं. तो क्षण बघायला लहान पोरं टेबलाला हनुवट्या टेकून उभी असायची. इस्त्री एका जागी थांबली की फिल्म आकसते आणि सुरकुती कायमची बसते. गरम कार्ड लगेच उचललं तर त्याचा पापड होतो, म्हणून ते जाड पंचांगाखाली गार होईपर्यंत दाबून ठेवायचं. मधेच कुणाला तिथी बघायची असली तर त्यानं थांबायचं.

आत काय जातं यावर वहिनींची करडी नजर. फोटो ओल्या डिंकानं चिकटवला तर आतल्या ओलीचे फुगे येतात. प्रिंटरची शाई नीट वाळली नसेल तर अक्षरांभोवती धुकं पसरतं. शेजारच्या बंडूनं खात्याचं चिन्ह तेलखडूनं रंगवून आणलं होतं, ते इस्त्रीखाली विरघळून अधिकाऱ्याच्या फोटोतल्या गालापर्यंत आलं. आणि एका हुशार भाच्यानं ‘खरं वाटावं’ म्हणून एसटीचं मशीनमधनं निघालेलं तिकीट कार्डाच्या मागं घातलं. तो कागदच उष्णतेवर छापणारा. इस्त्री फिरली आणि तिकीट काळंकुट्ट. भाचा म्हणाला, “बिनतिकीट प्रवास दाखवू की मग!”

चिन्हाचा मात्र एक नियम होता आणि तो आमच्या आण्णांचा. कोर्टात कारकुनी केलेला माणूस. तीन सिंहांची राजमुद्रा कार्डावर काढायची नाही म्हणजे नाही. 2005 साली त्याचा वेगळा कायदा झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून आण्णा हेच सांगत होते. त्यामुळं आमच्या फौजदाराच्या कार्डावर कधी मोर असे, कधी हळकुंड, आणि खात्याचं नावही जगात कुठं नसेल असंच. मला विचाराल तर त्यानं नाटक उलट जास्त रंगलं. हळकुंडाचं चिन्ह छातीवर लावून दरडावणारा फौजदार बघून लोक पहिल्या वाक्याआधीच हसायचे. निदान पुढच्या दोन रांगांतले तरी.

कारण खरी गंमत पुढंच आहे. ही कार्डं मांडवातल्या कुणाला वाचताच यायची नाहीत. खरं ओळखपत्र एटीएम कार्डाएवढं, म्हणजे 85.6 बाय 54 मिलिमीटर. रंगमंचावर ते बटणाएवढं दिसतं. म्हणून आम्ही ते पोस्टकार्डाएवढं करायचो, फोटो मोठा, नाव जाड अक्षरात. तरी तिसऱ्या रांगेपलीकडं कळायचं ते एवढंच, की गळ्यात काहीतरी आहे. पण आतला मजकूर बघा! नाव, हुद्दा, रक्तगट, जन्मतारीख, सहीचा नमुना, मागच्या बाजूला ‘हे कार्ड सापडल्यास जवळच्या भजी सेंटरमध्ये जमा करावे’. जनगणनेच्या कारकुनाच्या कार्डावर तर ‘स्वतःची नोंद: राहून गेली’ असं लिहिलं होतं. हे सगळं वाचणारा माणूस एकच, ते घालणारा. आमचे एक तात्या एरवी स्टेजवर गेले की बोटं मोडत उभे राहायचे. ते कार्ड धरून बोलायला लागले आणि त्यांचे हात जागेवर आले. मजकुरावर एवढा वेळ कशाला घालवता, असं दिग्दर्शक दरवर्षी म्हणायचा आणि आम्ही दरवर्षी तो घालवायचो.

चकाकीचा त्रास खरा होता. हॅलोजनचा झोत गुळगुळीत फिल्मवर पडला की कार्ड आरशासारखं चमकायचं आणि फौजदार वळला की पहिल्या रांगेतल्या बायका डोळे मिटायच्या. त्यावर आमच्या मेकअपवाल्यानं सांगितलेला उपाय म्हणजे सुक्या साबणाची वडी कार्डावर हलकेच फिरवायची. काम होतं. आता मॅट पाऊच मिळतात, पण साबण कुणी सोडला नाही.

पुढं घरी छोटं मशीन आलं. दिवा हिरवा होईपर्यंत थांबायचं, पाऊचची बंद कड आधी आत सारायची, दुसरीकडनं सरळ कार्ड बाहेर. 125 मायक्रॉन जाडीचं पाऊच वापरलं की कार्ड ताठ राहतं. एका ए-फोर पाऊचमध्ये चार कार्डं बसतात, पण खेटून नाही. वहिनींचा हट्ट असा, की आधी कागद कापायचा, मग लॅमिनेट करायचा, मग चारी बाजूंनी तीन-चार मिलिमीटर नुसती फिल्म सोडून कापायचं. वरची कड जास्त सोडायची, कारण नाडीचं भोकही कागदाला न लागता फिल्मलाच पाडायचं. कोपरे गोल, नाहीतर ड्रेपरीवाल्याच्या शर्टाला ओरखडा आणि भाड्यात वाढ. आम्हाला हे सगळं जरा अतीच वाटायचं. कागदाला लागून सपकन कात्री मारली की दिसतंही छान.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं आणि गावभाग बुडाला. मंडळाची लोखंडी पेटी तळमजल्यावरच राहिली होती. महिन्याभरानं गणपती आले, त्या वर्षी नाटक झालं नाही, नुसती आरती. चिखल धुताना पेटी उघडली तर मिशा, टोप, पोथीची पानं सगळ्याचा लगदा. कार्डं मात्र निघाली. कडेला लागून कापलेली जुनी कार्डं आत पाणी ओढून फुगली होती, शाई उतरून निळं पाणी राहिलं होतं. कड सोडलेली नळाखाली धरली आणि रक्तगटासकट स्वच्छ. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त ती ओळीनं ओट्यावर वाळत मांडली.

आता कार्डं वहिनींची सून करते. मोबाइलवर फोटो काढायचा, मागं पांढरी चादर, मिशी आधीच चिकटवलेली. मागच्या गणपतीत नाटकात पार्सल पोचवणारा पोरगा होता, म्हणून भाच्यानं त्याच्या कार्डावर क्यूआर कोड टाकला. नुसती नक्षी कशाला, म्हणून कोड मंडळाच्या वर्गणीचा. प्रयोग ऐन रंगात असताना पहिल्या रांगेतले एक काका मोबाइल पुढं करून त्या पोराला म्हणाले, “जरा सरळ उभा राहा की रे,” आणि भर प्रवेशात 101 रुपये जमा झाले.