गुरु येणार म्हणून अख्खं नाशिक खोदून ठेवलंय

सध्या नाशिकमधे कोणालाही विचारा की रस्त्याचं काम कशासाठी चाललंय, एकच उत्तर येतं, सिंहस्थ. घाट, पूल, रिंगरोड, हॉटेलवाल्यांची नवीन बांधकामं, फ्लॅटचे वाढलेले भाव, सगळं सिंहस्थावर ढकलून मोकळे. पण सिंहस्थ म्हणजे मुळात काय, तर गुरु नावाचा एक ग्रह सिंह राशीत येतो. बास. सूर्याभोवती एक चक्कर मारायला त्याला जवळपास 12 वर्षं लागतात (नीट सांगायचं तर 11.86) म्हणून आपला कुंभ 2003 ला, मग 2015 ला आणि आता 2026-27 ला. एवढ्या मोठ्या शहराची सगळी कामं कोट्यवधी किलोमीटर लांबच्या एका गोळ्याच्या तालावर चाललीयेत आणि तो गोळा वर्षातले कितीतरी महिने रात्री आपल्या डोक्यावर असतो तरी वर बघायला कोणाला वेळ नाही, हे माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही.

आधीच सांगते, मी कॉमर्सवाली, अकाउंट्समधे नोकरी, खगोलशास्त्राशी माझा संबंध कालनिर्णय उलटण्यापुरता. पण या जानेवारीत निफाडला मामाकडे गेले होते. नाशिकमधे आमच्या गल्लीत पांढऱ्या एलईडी लागल्यापासून मोजून दहा-बारा चांदण्या दिसतात, तिथे गच्चीवर गेले आणि चक्क घाबरले की हो! इतकं भरलेलं आकाश मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मृग तर असा समोर, चार कोपऱ्यांचे चार तारे, मधे तिरक्या रेषेत ते तीन, आणि त्या तिघांची रेघ खाली वाढवली की थेट व्याध, निळसर पांढरा, नुसता लुकलुकत होता. आणि डावीकडे पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ एक पिवळट ठिपका, सगळ्यात ठळक, पण अजिबात न लुकलुकणारा. तोच गुरु. तारे इतके लांब की दिसायला नुसता बिंदू, हवा जरा हलली की त्यांचा उजेड थरथरतो, ग्रह जवळ असल्याने त्याची छोटीशी का होईना थाळी असते म्हणून तो शांत दिसतो.

मामा खाली द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवायच्या तयारीत. मी वरून ओरडले, "मामा, वर या ना, काय भारी आकाश आहे!" तर म्हणाले, "अगं, तुला चांदण्यांचं पडलंय, मला मण्यांची काळजी. ढग असते तर निवांत झोपलो असतो."

आणि ते खरंच आहे. ढग असले की ते जमिनीची ऊब अडवून धरतात, आकाश मोकळं असलं की ती सगळी रात्रीतून वर निघून जाते, पारा घसरतो आणि पहाटे द्राक्षाचे मणी तडकायची भीती. म्हणजे माझी सगळ्यात चांगली रात्र ती द्राक्षवाल्याची सगळ्यात वाईट रात्र. मग गपचूप खाली जाऊन धूर खाल्ला थोडा वेळ.

शेकोटीपाशी मामांनी नक्षत्रांचा विषय काढला, कारण पावसाचा सगळा हिशोब त्यांच्या तोंडात असतो, मृगात पेरणी, हत्तीचा पाऊस, पडतील स्वाती तर पिकतील मोती वगैरे. मी म्हटलं मग जूनमधे मृग लागतो तेव्हा हे वरचं मृग कुठे असतं? मामा म्हणाले, "तेव्हा कुठलं दिसतंय, पावसाळाच असतो ना." पण ढग नसते तरी दिसलं नसतं! मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला, म्हणजे ते दिवसा सूर्याबरोबर उगवतं आणि त्याच्याबरोबरच मावळतं. ज्याच्या नावाने आपण जूनभर बोलतो ते तेव्हा उन्हात लपलेलं असतं, आणि हिवाळ्यात रात्रभर समोर असतं तेव्हा कोणी नाव काढत नाही.

घरी येऊन हेच गुरुला लावून बघितलं आणि हसूच आलं. 2015 चं पहिलं शाही स्नान 29 ऑगस्टला होतं. ऑगस्टच्या शेवटी सूर्यसुद्धा सिंहेतच असतो, गुरु त्याच्या अगदी शेजारी, म्हणजे रामकुंडावर लाखो लोक ज्याच्या योगावर जमले होते तो उत्सवमूर्तीच गायब! ढग नसते तरी कोणाला दिसला नसता. 2027 च्या ऑगस्टअखेरही तसंच होणार. (यात कोणाच्या श्रद्धेला बोट लावायचं नाहीये, मी स्वतः डुबकी मारणार आहे, गर्दी झेपली तर.)

उलट ज्यांनी आकाशात न दिसणारा ग्रह कुठे आहे हे कागदावर हिशोब करून काढलं त्यांचं मला जास्तच कौतुक वाटतं, तेही दुर्बीण नसताना. गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरुचे चार मोठे चंद्र बघितले ते 1610 च्या जानेवारीत. मी बघितले भावाच्या साध्या बायनॉक्युलरमधून, गाडीच्या टपावर कोपर टेकवून, कारण हातात धरलं की सगळं नाचतं. गुरुच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, सुईच्या टोकाएवढे ठिपके, एका रेषेत. चौथा बहुतेक त्याच्या मागे किंवा पुढे असेल. तो उजेड तिथून निघून साधारण 35 मिनिटं झाली होती. व्याधाचा मात्र 2017 सालचा शिळा उजेड आपण आज बघतोय, आणि सिंहेतल्या मघाचा तर साधारण 1947 च्या सुमाराचा.

तर ज्यांना सिंहस्थाचा गुरु खरोखर बघायचाय त्यांनी 2027 चा फेब्रुवारी धरून ठेवा. तेव्हा तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असेल, म्हणजे दिवस मावळता पूर्वेला उगवणार, रात्रभर दिसणार आणि मघा तारा जवळपासच. त्र्यंबकच्या पुढे हरसूल रोडला किंवा पेठच्या बाजूला गेलात तर उत्तम, पण गुरुपुरतं म्हणाल तर सिडकोतल्या गच्चीवरूनही चालेल, एलईडीच्या बापालाही तो झाकता येत नाही. बायनॉक्युलर आमच्याकडे आहे, फक्त ते आणायला येताना रिंगरोडने येऊ नका.