अ‍ॅम्पविना बास, भाग ६ : पांढरी पाचच्या शेजारची घरघर

घरघर गेली. रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर संगीत संध्या होती. साडेतीन तास वाजवलं आणि कानात फक्त बँड होता. मी बास गिटार स्टेजवर स्वतःचा स्पीकर न ठेवता, इअरफोनमध्ये ऐकून वाजवतो. त्या इअरफोनमध्ये सतत येणाऱ्या ज्या आवाजाबद्दल गेल्या दोन भागांत लिहिलं, तो एकदाही आला नाही. मध्यंतरात मुद्दाम सगळे चॅनल खाली घेतले आणि कान देऊन ऐकलं. काही नाही. अर्धा मिनिट तसाच डोळे मिटून बसून राहिलो.

मांडणी तुम्हाला ठाऊक आहे, पण मधे एक भर पडली आहे, म्हणून थोडक्यात. बास प्रीअ‍ॅम्प पेडलमध्ये, पेडलच्या डीआयमधून (बासचा सिग्नल मिक्सरजोगा करून देणारा आउट) एक्सएलआर (तीन पिनांची केबल) थेट स्टेज बॉक्सला, म्हणजे तिथून मोठ्या मिक्सरला. पेडलचा दुसरा आउट माझ्या बोर्डवरच्या चार चॅनलच्या छोट्या मिक्सरमध्ये, म्हणजे माझा बास मला साउंडवाल्या दादांना न विचारता कमी-जास्त करता येतो. बाकीच्या बँडचं मिक्स मोठ्या मिक्सरच्या ऑक्समधून (स्टेजसाठीचा वेगळा आउट) परत येतं, तेही याच मिक्सरमध्ये. नवी भर म्हणजे क्लिकसाठी, कानातल्या तालाच्या टिकटिकीसाठी, लॅपटॉप. छोट्या मिक्सरमधून इअरफोन. अ‍ॅम्प नाही, कॅबिनेट नाही. चौथ्या मजल्यावरून तीस किलोचा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकत्र) उतरवणं नाही.

आता तो आवाज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बासच्या ई तारेवर तिसऱ्या पट्टीला जो जी वाजतो, म्हणजे पेटीवरची पांढरी पाच, तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे ही घरघर पांढरी पाचपेक्षा किंचित चढी, पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठेतरी अडकलेली. आमच्या मुख्य गायकाची निम्मी गाणी पांढरी पाचमधली. मी षड्ज धरला की कानात सेकंदाला एक अशी लाट सुरू व्हायची : सूर फुगतो, बसतो, पुन्हा फुगतो. वरच्या जीवर तीच लाट दुप्पट वेगानं, कारण तो सूर ९८ चा आणि घरघरीचा दुसरा स्वर १०० चा. दोन महिने मी माझी तार उतरली असं समजून ट्यूनरकडे बघत होतो. तार बरोबर होती.

खात्री पटली ती ऑगस्टमधल्या कार्यक्रमात. वीज गेली, जनरेटर सुरू झाला, रात्री उशिरा हॉलचे एसी बंद झाले आणि घरघरीचा सूरच चढला. इअरफोन मोबाइलच्या माइकला टेकवून अ‍ॅपमध्ये पाहिलं तर शिखर १०० वरून १०३ च्या आसपास सरकलेलं. भार उतरला की जनरेटर जरा जोरात फिरतो, त्याच्याबरोबर हाही चढला. मग तो माझ्या बासमधून येतच नव्हता, विजेतून येत होता.

तरी पिकअपवरचा (तारांची थरथर पकडणारं चुंबक आणि वेटोळं) संशय आधी फेडून घेतला. सिंगल कॉइल पिकअपची घरघर तुम्ही वळलात की बदलते, आणि व्हॉल्यूम शून्य केला की जाते. माझी दोन्हीला दाद देत नव्हती. पेडलवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं, जेमतेम उतरली. आणि हेच मला कळत नव्हतं. लिफ्ट दाबल्यावर डीआयच्या केबलमधला ग्राउंडचा रस्ता तुटतो, मग ज्या ग्राउंडच्या वर्तुळातून प्रवाह फिरून घरघर येते, ते पूर्ण होतं कुठून? शिवाय बाहेरच्या स्पीकरमध्ये घरघर नाही, फक्त माझ्या कानात.

त्याच रात्री मंडपाच्या विजेचं बघणारा एक मुलगा म्हणाला, “दादा, लॅपटॉपच्या चार्जरची मोठी पिन तोडून टाकू का? लगेच जाईल आवाज.” आवाज गेला असता, हे खरं. मी नाही म्हटलं, आणि तुम्हीही नाहीच म्हणा. बासच्या तारा ब्रिजमधून थेट ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणजे बोर्डच्या सगळ्या धातूशी. बोर्डवर कुठेही फेज उतरली आणि अर्थ नसेल, तर २३० व्होल्ट तुमच्या बोटांत, आणि ओठ माइकला लागले की वर्तुळ तुमच्या छातीतून पूर्ण. सिग्नलची ग्राउंड तोडायची, विजेची कधीच नाही.

घरी हा आवाज यायचाच नाही, कारण घरी सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. गणपती झाल्यावर एका दुपारी इंदिरानगरच्या घरात मुद्दाम स्टेज मांडलं. मोठा मिक्सर हॉलमध्ये, माझा बोर्ड आतल्या खोलीत, आणि त्याला वीज गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरून. दहा मीटरच्या दोन एक्सएलआर केबली मधल्या पॅसेजमधून. सुरू केलं आणि आला! इतका आनंद मला घरघर ऐकून कधी झाला नव्हता. आई दारात येऊन विचारून गेली, काय झालं म्हणून.

मग एकेक काढत गेलो. डीआयची केबल काढली, आवाज तसाच. लॅपटॉपचा चार्जर काढला, आवाज जवळजवळ गेला. चार्जर परत लावला आणि ऑक्सची परतीची केबल काढली, पूर्ण गेला. मल्टिमीटर एसीवर ठेवून त्या काढलेल्या केबलची एक नंबरची, म्हणजे ग्राउंडची, पिन आणि माझ्या मिक्सरच्या जॅकची बाही (बाहेरचा धातूचा भाग) यांच्यामध्ये मोजलं : ०.३ व्होल्ट. लॉन्सवर हेच नंतर १.४ भरलं.

म्हणजे वर्तुळ असं होतं. मोठा मिक्सर त्याच्या सॉकेटमधून अर्थला, माझा लॅपटॉप तीन पिनच्या चार्जरमधून माझ्या सॉकेटच्या अर्थला, आणि दोन्ही अर्थ एका पातळीवर नाहीत. त्यांना जोडणारी तार म्हणजे माझी परतीची केबल. मी डीआयची ग्राउंड तोडत बसलो आणि परतीची ग्राउंड शाबूत होती. पेडल आणि छोटा मिक्सर जॅकनं जोडलेले असल्यामुळे दोन केबल म्हणजे दोन रस्ते, मी एकच बंद करत होतो.

आणि कानातच का, याचं उत्तर त्या केबलच्या टोकाला होतं. एका बाजूला एक्सएलआर, दुसऱ्या बाजूला मोनो जॅक, आत तीन नंबरची पिन एक नंबरला जोडलेली. अनबॅलन्स्ड. अशा केबलमध्ये बाहेरची जाळी हीच सिग्नलची परतीची तारही असते. जाळीतून जो ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो, तो थेट संगीतात मिसळतो. डीआयकडून जाणारा माझा बास बॅलन्स्ड होता, म्हणजे सिग्नलला जाळीपासून वेगळ्या दोन तारा, म्हणून बाहेर स्वच्छ. ही केबल मीच दोन वर्षांपूर्वी सोल्डर केली होती. जॅक चांगला होता, जोडणीही पक्की होती. जागा चुकीची होती.

एक चूक सांगून ठेवतो, कारण अनेकांकडून होईल. घाईत मी डीआयच्याच एका केबलची एक नंबरची पिन कापली आणि सरावाला नेली. त्या दिवशी पेडल घरी ठेवून साधा अ‍ॅक्टिव्ह डीआय नेला होता, ४८ व्होल्ट फँटमवर, म्हणजे मिक्सरनं केबलमधूनच पाठवलेल्या विजेवर, चालणारा. फँटमचा परतीचा रस्ता एक नंबरची पिनच असते. डीआय मुका. आता त्या केबलवर लाल टेप आहे.

उपाय म्हणजे परतीच्या वाटेवर एकास एक (दोन्ही बाजूंना सारखे वेढे असलेला) ट्रान्सफॉर्मर. सिग्नल चुंबकानं पलीकडे जातो, तांब्याची तार जोडलेली राहत नाही. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून छोटे ६०० ओमचे दोन मागवले. पानावर वीस हर्ट्झपासून वीस हजारपर्यंत असं लिहिलेलं. घरघर त्यांनी खरंच थांबवली, पण ड्रमच्या किकचा ‘धम्म’ जाऊन ‘थप’ राहिला, आणि ढोलकीच्या धुमाच्या बाजूला जोरात थाप पडली की फाटायचं. हे टेलिफोनच्या कामाचे ट्रान्सफॉर्मर आहेत, तिथे ३०० हर्ट्झच्या खाली काही लागतच नाही. सूर जितका खालचा, तितका त्याच पातळीला गाभ्यात चुंबकत्व जास्त भरतं, आणि छोटा गाभा लगेच तुडुंब होतो. गाणाऱ्याच्या माइकसाठी चालतील. आपल्यासारख्यांनी त्यावर पैसे घालवू नयेत. ऑक्स दहा डेसिबल खाली घेऊन छोट्या मिक्सरवर तेवढाच वाढवला तर फाटणं थांबतं, हेही करून पाहिलं. पण सावरून वाजवण्यात मजा नाही.

मित्र मुंबईला जाणार होता, त्यानं लॅमिंग्टन रोडवरून मोठ्या गाभ्याचा, लोखंडी डबीतला आणून दिला. हातात घेतल्यावरच वजनावरून कळलं. किक परत आली. पण डबी बोर्डवर लावली आणि पुन्हा बारीक घूं! तासाभरानं लक्षात आलं, पेडलच्या अ‍ॅडॉप्टरला ती चिकटून होती. अ‍ॅडॉप्टर जुना, आत ट्रान्सफॉर्मरचाच, त्याचं क्षेत्र डबीत शिरत होतं. वीतभर लांब सरकवली आणि काटकोनात फिरवली. फिरवता फिरवता आवाज विझत जातो ते स्वतःच्या कानांनी ऐकण्यासारखं आहे, जमलं तर नक्की करून बघा.

रविवारी हेच नेलं. डीआयला लिफ्ट, परतीला ट्रान्सफॉर्मर, लॅपटॉपला अर्थसकट चार्जर. बोर्ड एकाच ठिकाणी अर्थला जोडलेला.

खरं तर पुढची पायरी म्हणून वायरलेस इन-इअर (बिनतारी इअरफोनची यंत्रणा) घ्यायचं, असं ठरवलं होतं, कारण केबलच नाही तर वर्तुळ नाही. पण हे लिहिताना वाटतंय, एवढी केबल शांत झाली असताना बॅटरी आणि फ्रिक्वेन्सीची नवी काळजी का विकत घ्यायची? तेच पैसे अंबडच्या एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे आहेत त्यांच्याकडे लावावेत. ते सगळे विजेच्या कामाचे करतात, पण निकेलच्या मिश्रधातूचा गाभा मीच आणून दिला तर स्टिरिओची जोडी गुंडाळून देतील का, विचारायला जाणार आहे. दोन्ही कानांत वेगळं मिक्स मिळालं तर कीबोर्ड डावीकडे, गिटार उजवीकडे, मधे बासला जागा.

“अ‍ॅम्पशिवाय बास म्हणजे बासच नाही” असं अजून कोणी ना कोणी म्हणतंच. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या डेट्रॉइटमधल्या स्टुडिओत जेम्स जेमरसन यांचा बास बहुतेक वेळा थेट कन्सोलला, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सरला, जायचा. त्या रेकॉर्ड ऐकून जगभर लोक बास शिकले. मात्र एक तक्रार मला मान्य आहे, ती आमच्या ऑक्टोपॅडवाल्याची. तो म्हणतो, “तुझा बास ऐकू येतो, पण पाठीला लागत नाही.” त्याच्या वेजमध्ये (समोर जमिनीवर ठेवलेला मॉनिटर स्पीकर) माझा चॅनल वाढवला की गायकाच्या माइकमध्ये शिरतो. म्हणून बासला ४० हर्ट्झच्या खाली कट लावला, खुली ई ४१.२ ची आहे, ती राहते. स्टेज लगेच सुटसुटीत झालं, पण त्याची पाठ अजून रिकामीच आहे. त्याच्या स्टुलाखाली बसवायचा, बासच्या सुरानं स्टूल थरथरवणारा एक शेकर बघतोय.

शनिवारी नाशिकरोडला कार्यक्रम आहे, तिथे मिक्सर आणि स्टेजची वीज वेगवेगळ्या फेजवर असते. मल्टिमीटर बॅगेत टाकला आहे. तिथला आकडा मिळाला की लिहितो.